एमिलच्या सहीची नोट

आमच्या विलो फोर्क गावात लव्हर्न हाउसरइतका काटेकोर माणूस दुसरा नाही. नेब्रास्कातल्या जुन्या बँकांच्या नोटा तो जमवतो. त्या काळी गावोगावची बँक आपल्या नावाची नोट काढायची आणि कॅशियर तिच्यावर टाकानं सही करायचा. गावाचं नाव झाकलं तरी लव्हर्न नुसत्या सहीवरून नोट कुठली ते सांगतो. प्रत्येक नोटेखाली तिचे दोष नोंदलेली त्याची चिठ्ठी असते: टाचणीचं भोक, कापलेली कड. धुतलेल्या नोटेकडे तर तो ढुंकूनही बघत नाही. आणि नोटेचा दोष लपवणारा त्याच्या लेखी सरळ चोर.

पण त्याच्या अल्बमचं पहिलं पान चाळीस वर्षं कोरं होतं. आमच्या गावच्या बँकेची नोट कुणाकडेच नव्हती. तिथला कॅशियर म्हणजे लव्हर्नचा आजोबा, एमिल. घर जळालं त्यात एमिलचं सगळं गेलं. फोटो नाही, पत्र नाही. आजोबाच्या हातचं एक अक्षर तरी बघायचं, एवढाच या माणसाचा हट्ट.

गेल्या मंगळवारी सकाळी आम्ही दोघं कॅफेत बसलो होतो. शेजारची आर्लिस आली. आईचा पाककृतींचा डबा आवरताना तिला एक नोट सापडली होती.

"घे, लाव तुझ्या त्या कोऱ्या पानावर! कसली मळकट होती रे, नुसते लोण्याचे डाग. साबणानं धुतली, इस्त्री फिरवली. तुझ्यासारख्या खडूसाला मळकी कशी द्यायची?"

नोट आमच्याच बँकेची होती. सहीची जागा मात्र पांढरीफटक. मला आर्लिसचा भयंकर राग आला. म्हटलं, आता लव्हर्न हिला फाडून खाणार.

त्यानं खिशातून बॅटरी काढली, नोट टेबलावर ठेवली आणि उजेड कडेनं अगदी आडवा पाडला. शाई गेली होती, पण टाकाच्या टोकानं कागदात उमटलेली रेघ शिल्लक होती. एमिलचा मोठा इंग्रजी ई, मग पुढची अक्षरं, शेवटी लांब शेपटी. लव्हर्न त्यांच्यावरून बोट फिरवत राहिला, कागदाला न टेकवता.

"काय रे, बिघडवली का मी?" आर्लिसचा आवाज उतरला.

"छे गं!" लव्हर्ननं चष्मा काढून डोळे पुसले. "इतकी स्वच्छ नोट माझ्याकडे दुसरी नाही."

काल त्यानं मला ते पहिलं पान दाखवलं. चिठ्ठीवर बँकेचं नाव, साल, कॅशियर एमिल हाउसर. आणि खाली त्याच नेटक्या अक्षरात: दोष, काही नाही.