प्लास्टिकमधली खुर्ची

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात रक्तदाब मोजायला गेलो होतो. दारातच एक नवीकोरी चाकाची खुर्ची दिसली. अंगावरचं प्लास्टिक तसंच, खिडकीच्या गजाला साखळीने बांधलेली, पाठीवर सरकारी योजनेचं लांबलचक नाव. निधी परत जाऊ नये म्हणून मार्चअखेरीस घाईघाईने घेतली असणार.

तेवढ्यात एक माणूस म्हाताऱ्या आईला पाठुंगळी घेऊन धापा टाकत आत आला.

"मावशी, ती खुर्ची द्या की जरा," त्याने झाडू मारणाऱ्या बाईंना म्हटलं.

"खुर्चीची सरकारी तपासणी व्हायचीय अजून. मळली तर साहेब मलाच बोलतील."

डोकंच फिरलं माझं. या खुर्चीसाठी तिकडे विधानसभेत बाकं वाजली असतील. आरोग्यसेवा गरिबाच्या दारापर्यंत पोचली, असं अर्थसंकल्पात छापूनही आलं असेल. ते खोटं कसं म्हणू? पोचलीच आहे की. फक्त तिच्यात कुणी बसायचं नाही.

तो माणूस आईला सावरत पुढे निघाला. वळताना म्हातारीचा लोंबता पाय खुर्चीला लागला. "थांब रे," ती म्हणाली. तशीच कलती होऊन तिने प्लास्टिकला हात लावला आणि तो हात कपाळाला टेकवला. पाय लागला म्हणून.