ललिता फिरायला गेली नव्हती

फोन आला तेव्हा मी शाळेत हजेरी घेत होते. पलीकडून पूजा, ललिताच्या हाताखाली पोलीस भरतीची तयारी करणारी तांड्यावरची मुलगी. तिला नीट बोलता येत नव्हतं. ‘मॅडम, ताईला पिकपनं उडवलं... ताई गेली.’ दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी आल्या. सकाळी फिरायला गेलेली महिला वाहनाच्या धडकेत ठार. मी तो पेपर स्टाफरूममध्येच फाडला. ललिता फिरायला गेली नव्हती. उभ्या आयुष्यात ती कधी फिरायला गेली नाही. ती पळत होती, आणि हायवेच्या कडेनं का पळत होती हे गावात सगळ्यांना माहीत आहे. कुणी बोलत नाही, म्हणून मी लिहिते आहे.

माझं माहेर कनेरगाव नाक्याचं. तिचा तांडा तिथून जवळच. शाळेत आम्ही बरोबर पळायचो. मी दमून झाडाखाली बसायचे आणि ती मैदानाला फेऱ्या मारतच राहायची. पुढं मी शिक्षिका झाले, हिंगोलीला आले. तिची भरती थोडक्यात हुकली, लग्न जवळच झालं, शेत आलं, सोयाबीन आणि हळद आली, पण पळणं सुटलं नाही. नांदेड-परभणीकडच्या शर्यतींत ती नंबर काढायची आणि बक्षिसाची ढाल घेऊन संध्याकाळच्या एसटीनं परत यायची, कारण सकाळी पोरी वाट बघत असायच्या. भरतीला बसणाऱ्या तांड्यावरच्या पोरींना ती शिकवायची. त्यातल्या काही आज वर्दीत आहेत.

मागच्या उन्हाळ्यात तिची नडगी दुखायला लागली. आधी तिनं तेल चोळलं, मग पट्टी बांधून पळाली, शेवटी मीच तिला वाशिमला डॉक्टरांकडं नेलं. हाडाला बारीक चीर गेली होती. दोन-तीन महिने पळणं बंद. परत येताना एसटीत ती खिडकीकडं तोंड करून बसली होती. ‘दम जाईल गं सगळा,’ एवढंच म्हणाली.

कनेरगावातल्या एका संस्थेचा व्यायामाचा हॉल आहे. कुठल्याशा निधीतून तिथं यंत्रं आली होती, फीत कापून फोटो निघाले होते. त्यात एक रोइंग मशीन होतं. लांब रूळ, त्यावर पुढं-मागं घसरणारी सीट, पुढं पंख्याचं चाक आणि ओढायला साखळीचा दांडा. आमच्याकडं नावाड्याचं काम कुणी केलेलं नाही, त्यामुळं ते कशाचं यंत्र आहे हेच कुणाला कळलं नव्हतं. कुणीतरी त्यावर ओले टॉवेल वाळत घालायचं. ललितानं मोबाइलवर व्हिडिओ बघितले, डॉक्टरांना फोन करून विचारलं. ते म्हणाले, पाय आपटत नाही ना, मग कर, दुखलं की थांब. ती बसली. सुरुवातीला सगळ्यांसारखी हातानं ओढत राहिली आणि पाठ धरली. मग तिला त्याची लय सापडली. आधी पायांनी रेटायचं, मग पाठ मागं न्यायची, मग दांडा बरगडीशी ओढायचा, आणि येताना ह्याच्या उलट. मी सुट्टीला गेले तेव्हा ती घामानं निथळत होती, पंखा घोंघावत होता. ‘मंगल, हे बघ, श्वास पळल्यासारखाच लागतो. पायाला धक्का न्हाई. मी बसल्या बसल्या पळून राहिले.’ असं हसताना मी तिला कितीतरी दिवसांनी बघितलं.

पाय बरा झाला. ती परत पळायला लागली तेव्हा दम तर टिकला होताच, पाठ आणि मांड्याही भक्कम झाल्या होत्या. शेवटच्या टप्प्यात तिची कंबर पूर्वीसारखी वाकत नव्हती. तिनं पोरींनाही नियम घालून दिला. रोज पळायचं नाही. मंगळवार आणि शुक्रवार होडीचे. सगळ्या त्याला होडीच म्हणायच्या. पोरी पाळीपाळीनं बसायच्या, नडग्या दुखायच्या थांबल्या.

आणि मग हॉलला कुलूप लागलं. आधी सांगितलं, संस्थेचा सत्कार समारंभ आहे, खुर्च्या ठेवल्यात. समारंभ झाला, खुर्च्या तिथंच राहिल्या. सचिवांना विचारलं की किल्ली अध्यक्षांकडं, अध्यक्षांना विचारलं की किल्ली सचिवांकडं. ती कितीदा गेली असेल... एकदा मी सोबत होते. सचिव ओट्यावर चहा पीत होते. ललिता उभीच होती, त्यांनी बस म्हटलं नाही.

‘सर, सकाळी तासभर उघडा. झाडून-पुसून देते मी.’

‘बाई, मशीन खराब होते. घामानं गादी खराब होते.’

‘सर, ते घाम गाळायचंच मशीन हाय.’

‘तांड्यावरच्या पोरींला काहून पायजे असली मशीन? रस्ता काय कमी पडला का पळायला?’

ललिता वळून चालायला लागली. वाटेत मी संतापून बडबडत होते, तर म्हणाली, ‘जाऊ दे, पोरींला मी शेताच्या वाटेनं पळवीन.’ पोरींना तिनं खरंच मातीच्या वाटेवर ठेवलं. तिला स्वतःला लांब पल्ला लागायचा. त्यासाठी ती वाशिम रस्त्याच्या कडेनं पळायची.

तो मंगळवार होता. होडीचा दिवस. चांगलं उजाडलं होतं. समोरून येणारा पिकप दुसऱ्या गाडीला मागं टाकताना रस्ता सोडून तिच्या अंगावर आला. चालक सापडला, जामिनावर सुटलाही. मातीला आलेल्या बायकांत मी कानांनी ऐकलं, ‘बाईमाणसानं हायवेवर पळायचंच काहून?’ हा प्रश्न सगळ्यांना सुचला. हॉल बंद काहून होता, हा एकालाही सुचला नाही.

पुढच्या आठवड्यात संस्थेनं शोकसभा ठेवली. त्याच हॉलमध्ये. त्या दिवशी किल्ली लगेच सापडली. खुर्च्या ओळीनं लागल्या, फोटोला हार घातला. मशीन कोपऱ्यात, वरती जुनं बॅनर आणि गणपतीच्या आराशीचं थर्माकोल. सचिव म्हणाले, ललिताबाई आमच्या संस्थेचं भूषण होत्या. मी उठून उभी राहिले.

‘सर, त्या मंगळवारी ह्या हॉलची किल्ली कुणाकडं होती?’

‘मॅडम, ही वेळ न्हाई.’

‘ती विचारायला यायची तेव्हाही वेळ नव्हती. मग कधी असते?’

मागच्या रांगेतून पूजा उठली, तिच्यामागं बाकीच्या पोरी. त्यांनी थर्माकोल खाली ठेवलं, बॅनरची घडी घातली आणि मशीन मधोमध सोडवून दोन भाग केले. तांड्यावरची माणसं ज्या टेम्पोतून आली होती, त्यात ते चढवायला निघाल्या. सचिव दारात आडवे आले. ‘ही चोरी हाय. मी केस करीन.’ रुळाचं एक टोक माझ्याही हातात होतं. मी म्हटलं, ‘माझं नाव पहिलं लिहा.’ ते बाजूला झाले.

आता मशीन तांड्यावरच्या देवळासमोरच्या मंडपात आहे. चार खांब आणि वर पत्रा, भिंती नाहीत. संस्थेनं खरंच तक्रार दिली आहे. मला शाळेतून नोटीस आली आहे, तिचं उत्तर मी देईन. माझा राग कमी झालेला नाही आणि तो कमी व्हावा असं मला वाटतही नाही.

मागच्या शुक्रवारी शाळेत जायच्या आधी तांड्यावर गेले. पोरी यायच्या होत्या. ललिताची आई, जिला सगळा तांडा याडी म्हणतो, ओल्या फडक्यानं रूळ पुसत होती. मी तिला सांगितलं, याडी, पोलीस येतील, कदाचित मशीन घेऊन जातील. तिनं फडकं पिळलं, सीट पुढं ढकलून मागची बाजू पुसली.

‘येऊ दे,’ ती म्हणाली. ‘मी हितंच बसलेली असते.’