सरांनी वाचलेलं पत्र

विषयाचा कागद समोर ठेवला की सर आधी पेन्सिल उलटी धरायचे. तिचं खोडरबराचं टोक शीर्षकाच्या पहिल्या शब्दावर ठेवायचे आणि तिथून एकेका शब्दावरून सावकाश पुढं सरकवत न्यायचे, तांदळात खडा शोधावा तसं. शेवटच्या शब्दापाशी पोचले की मान वर करून विचारायचे, "यात माणूस कुठाय?"

माणूस नसायचा. कागद परत मिळायचा.

असे शिक्षक तुम्हीही पाहिले असतील. पण कागद परत देतानाचा त्यांचा चेहरा तुम्ही पाहिलेला नाही. त्यावर राग नसायचा, तुच्छता तर नाहीच. पाहुण्याला जेवायला थांब म्हणावं आणि तो निघून जावा, तेव्हा यजमानाचा होतो तसा तो चेहरा व्हायचा. त्यामुळे त्यांच्यावर चिडताही येत नसे आणि माझी तर फार पंचाईत व्हायची, कारण मला चिडायला आवडतं.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. पुण्याहून मी बेंगळुरात दादाकडे, कोरमंगलात राहायला आले होते आणि एम. फिल.ला नाव घातलं होतं. दादा सॉफ्टवेअरमध्ये. त्याच्या मते साऱ्या शहरात कंप्युटर न शिकणारी मी एकटीच उरले होते. मी इंटरनेट आणि समाज यावर काम करायचं ठरवलं, तर तो म्हणाला, "हे बघ, मी प्रॅक्टिकल बोलतोय. इंटरनेट वापरायला शिकलीस तर जॉब मिळेल. त्याच्यावर निबंध लिहून कोण देणार?" मग त्यानं अट घातली. विद्यापीठातल्या समितीच्या सोमवारच्या बैठकीत माझा विषय मंजूर झाला तर ठीक. नाही झाला तर विद्यापीठ बंद आणि सहा महिन्यांचा कोर्स सुरू. आईबाबांनीही पुण्याहून फोनवर मान डोलावली. ती मला दिसली नाही, पण डोलावली हे कळलं.

मी शीर्षकांमागून शीर्षकं नेत होते. सायबर-अवकाश आणि ओळख. आभासी समुदायांची जडणघडण. एकेक शीर्षक एवढं भारदस्त की म्हणताना मलाच दम लागायचा. सरांची पेन्सिल त्यावरून फिरायची आणि कागद परत यायचा.

सरांचं घराणं बेंगळुरात येऊन काही पिढ्या उलटल्या होत्या. त्यांची मराठी ऐकून मला आधी हसू यायचं. "मी जेवण केलो," म्हणायचे. "स्वल्प थांब," म्हणायचे. माझ्या मराठीला ते वर्तमानपत्राची मराठी म्हणत, आणि ते काही कौतुकानं नव्हे.

पेन्सिलीखेरीज त्यांचा आणखी एक हट्ट होता. माणूस बोलला तसंच लिहायचं, त्याचा शब्द हलवायचा नाही. एका मुलीनं फुलं विकणाऱ्या बाईचं बोलणं जरा नीटनेटकं करून लिहिलं होतं. सरांनी तिला पुन्हा त्या बाईकडं पाठवलं. "ती कशी बोलली ते ऐकून ये. तुझं बोलणं मला रोज ऐकू येतं," म्हणाले. मुलगी रडली, पण गेली.

बैठकीआधीच्या शनिवारी मी त्यांच्यासमोर बसले होते. विभागप्रमुख बाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं की इंटरनेट हा इंजिनिअरिंगचा विषय आहे, समाजशास्त्राचा नाही. सरांनी माझा कागद वाचला, परत केला आणि अचानक उठले.

"तुझं ते इंटरनेट कुठं भेटतं?"

"इथल्या शिवाजीनगरला एक सायबर कॅफे आहे, सर."

"सरी, ठीक. चल की. मी बघितलो नाही तर सही कशी करू?"

बसनं गेलो. कॅफे म्हणजे एका वर्कशॉपच्या वरची खोली. प्लायवूडचे आडोसे, त्यांना पडदे, आत एकेक कंप्युटर. सरांनी एक खुर्ची घेतली, कंप्युटरकडं पाठ केली आणि लोकांकडं तोंड करून बसले. हातात पेन्सिल. पांढरा शर्ट, बारीक कापलेले केस, ताठ पाठ. एकेका पडद्यामागून एकेक मुलगा उठून गेला. मालकाचा चेहरा उतरला. तो जवळ येऊन दबक्या आवाजात म्हणाला, "सार, यारु बेकु? कोण पाहिजे तुम्हाला? इथं वाईट काही चालत नाही." त्याला सर साध्या कपड्यातले पोलीस वाटले होते. मी त्याची समजूत घालेपर्यंत अर्धा कॅफे रिकामा झाला. सर म्हणाले, "बघ, मशीन सगळी इथंच आहेत. माणसं गेली." आणि मनापासून हसले. तेवढंच त्या दिवसातलं हसू.

थोड्या वेळानं एक बाई जिना चढून आली. पन्नाशीची, बुरखा डोक्यावरून मागं टाकलेला, धाप लागलेली. त्या काळी ज्यांच्याकडं स्वतःचा ई-मेलचा पत्ता नसे, त्यांची पत्रं कॅफेच्या पत्त्यावर येत. मालक ती छापून ठेवायचा. या बाईचा मुलगा आखाती देशात कामाला होता. पत्र तो तिच्या पुतण्याच्या नावानं पाठवायचा आणि पुतण्या घरी नेऊन वाचायचा. पण पुतण्या म्हैसूरला गेला होता आणि तिला धीर नव्हता. मालकानं छापलेला कागद तिच्या हातात दिला आणि एका गिऱ्हाइकाकडं वळला. तिनं आजूबाजूला पाहिलं. खोलीत वडीलधारं माणूस एकच होतं.

"साब, अंग्रेजी आती? जरा पढ के बोलो."

सरांनी चष्मा चढवला. मी त्यांच्या खांद्यामागं उभी होते, त्यामुळे मलाही दिसत होतं. मुलानं त्या चुलतभावाला लिहिलं होतं. कंपनी बंद पडली, नोकरी गेली, पासपोर्ट तिथल्या मालकानं अडकवून ठेवलाय, बहिणीच्या लग्नाला येणं होणार नाही. आणि खाली लिहिलं होतं, लग्न होईपर्यंत अम्मीला यातलं काही कळू देऊ नकोस.

ती अम्मी समोर उभी होती.

सर पहिली ओळ वाचून थांबले. त्यांची नजर खाली गेली, परत वर आली. मला त्यांच्या मानेवरची शीर दिसत होती.

"आगे पढो, साब."

"सब खैरियत है," सर म्हणाले. "काम बहुत है. सबको सलाम बोला."

बाईनं कागद परत घेतला आणि त्याच्याकडं पाहिलं. वाचता येत नव्हतं, पण ओळी दिसत होत्या. "इत्ता लंबा लिखा," ती म्हणाली, "और बस इत्ताच बोला क्या?"

सरांनी चष्मा काढला. तिनं कागदाची घडी घालून बुरख्यात ठेवली आणि जिना उतरून गेली.

बसस्टॉपपर्यंत मी जवळजवळ उड्या मारत चालले होते. मला विषय सापडला होता. ई-मेलला पाकीट नसतं, ती कुणाच्या तरी नावानं येते, कुणीतरी छापतं, कुणीतरी वाचतं आणि ज्याच्यासाठी असते त्याच्यापर्यंत भलतंच काही पोचतं. "सर," मी म्हटलं, "माणूस सापडला."

"सापडला काय, मी तिला फसवलो," सर म्हणाले. मग थांबून, "ते पत्र बैठकीत काढायचं नाही."

"पण सर, माझ्याकडं दुसरं काहीच नाही. दादा सोमवारी..."

"तिला ठाऊक नाही ते आधी तुझ्या समितीला ठाऊक व्हावं? गोत्ताय्ता?"

समजलं होतं. म्हणूनच राग आला होता. सर बसमध्ये चढले नाहीत. मी खिडकीतून पाहिलं तेव्हा ते कॅफेच्या दिशेनं परत चालले होते.

रविवार कसा गेला ते मी सांगत नाही. दादानं कोर्सचं माहितीपत्रक जेवणाच्या टेबलावर ठेवलं होतं आणि वहिनी त्याच्यावर आमटीचं पातेलं ठेवू की नको या विचारात होती.

सोमवारी बैठकीला सर नव्हते. घड्याळ लावावं असा वेळेवर येणारा माणूस. माझ्या आधीची मुलं आत जाऊन बाहेर आली, माझं नाव पुकारलं गेलं, तरी सर नव्हते. विभागप्रमुख बाईंनी विचारलं, "तुमचे गाईड?" मला माहीत नव्हतं. मी विषय सांगितला. जे स्वतः वाचू शकत नाहीत, त्यांच्या ई-मेल कोण वाचतं.

"अशी माणसं आहेत?"

"आहेत, मॅडम."

"एखादं उदाहरण द्या."

उदाहरण माझ्या अगदी ओठांवर होतं. अशा वेळी गप्प राहणं काय असतं हे ज्यानं राहून पाहिलंय त्यालाच कळेल. मी टेबलाच्या कडेला बोटं घट्ट धरली आणि म्हटलं, "आत्ता सांगता येणार नाही."

"मग पुढच्या वर्षी या," बाई म्हणाल्या आणि त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

दार उघडलं. सर घामानं भिजले होते, शर्टाची एक बाही वर, एक खाली. बाईंनी उशीर का म्हणून विचारलं तर म्हणाले, "टायपिंग करत होतो." समितीतले दोघंतिघं हसले, कारण सरांनी कधी यंत्राला हात लावलेला कुणी पाहिला नव्हता.

सर बसले नाहीत. इंग्रजीतच बोलले, पण त्यांच्या मराठीसारखं सावकाश. इतकी वर्षं मी मुलांना सांगत आलो की माणसाचा शब्द हलवू नका. परवा एका आईनं मला तिच्या मुलाचं पत्र वाचायला दिलं आणि मी अख्खं पत्र हलवलं. आज जाऊन तिला बरोबर वाचून दाखवलं. पत्रात काय होतं ते त्यांनी सांगितलं आणि म्हणाले, "हे सांगायची परवानगी घेऊन आलोय. नाव नाही, गल्ली नाही, एवढी तिची अट. आता विषय मंजूर करा किंवा नका करू. पण पत्र कुणाचं, लिहिणाऱ्याचं, ज्याला हवं त्याचं, की वाचून दाखवणाऱ्याचं, हा प्रश्न इंजिनिअर सोडवणार नाहीत."

मी सरांकडं बघू शकत नव्हते. भर समितीपुढं एवढं उघडं झालेलं मोठं माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं, आणि ते माझ्यासाठी झालं होतं.

बाईंनी सही केली. वर म्हणाल्या, "शीर्षकात इंटरनेट हा शब्द ठळक असू द्या. नाहीतर वर पाठवल्यावर विचारतील."

पायऱ्यांवर बसून सरांनी उरलेलं सांगितलं. मालकाला विचारून शनिवारीच ते तिच्या गल्लीपर्यंत गेले होते आणि दारापर्यंत जायचं धैर्य न झाल्यानं परतले होते. सोमवारी सकाळी तीच कॅफेत आली, कागद घेऊन, दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यायला. सर जिन्यातच उभे होते. त्यांनी सगळं वाचलं. मुलानं काय लपवायला सांगितलं होतं तेही. ती स्टुलावर बसली, पाणी मागितलं. मग म्हणाली, उत्तर लिहायचंय. मालक टायपायला पुढं झाला तर तिनं त्याला हातानं अडवलं. "तुम नक्को. जो झूठ पढा, वोच लिखेगा."

म्हणून सरांनी लिहिलं. एका बोटानं, एकेक अक्षर शोधत. अम्मीला सगळं कळलंय. तू लपवू नकोस. लग्न आम्ही करू, तू आधी जेवतोस का ते कळव. अर्ध्यावर कुठलं तरी बटण दाबलं गेलं आणि सगळं पुसलं गेलं. पुन्हा पहिल्यापासून. "ती बाजूला उभी राहून बघत होती की," सर म्हणाले. "परीक्षेला बसलो तसं वाटलं." आणि दुखणारं बोट चोळत राहिले.

दादानं माहितीपत्रक फेकलं नाही, कपाटात ठेवलं. पण माझं काम सुरू झालं. दर शनिवारी आम्ही कॅफेत जायचो. मी लोकांशी बोलायची, सर वाचून दाखवायचे. मालकानं त्यांच्यासाठी दाराजवळ खुर्ची ठेवली होती, लोकांकडं तोंड करून. मुलाचं लांब पत्र आलं की बाई आधीच बजावायची, "पूरा पढो, साब," आणि सर मान खाली घालून शेवटपर्यंत वाचायचे.

उगादीच्या, आपल्या पाडव्याच्या, आधी सर गेले. झोपेतच. कामाची दोन प्रकरणं त्यांनी तपासली होती, त्यांच्या समासांत पेन्सिलीच्या बारीक खुणा होत्या. बरेच शनिवार मी शिवाजीनगरला गेलेच नाही. मग एका शनिवारी गेले, कारण न जाणंही जमेना. खुर्ची दाराजवळच होती. मी तीत बसले नाही, शेजारी उभी राहिले.

बाई आली. हातात कागद. मला पाहून हसली आणि माझ्यामागं जिन्याकडं पाहू लागली. "साब नई आए? खैरियत से हैं ना?"

तिनंच शब्द पुढं केला होता, मला नुसतं हो म्हणायचं होतं. गावाला गेलेत, पुढच्या शनिवारी येतील. दोन वाक्यांत सगळं निभावलं असतं. तिच्या हातातला तो लांब कागद मला दिसला आणि मी तिला खरं ते सांगितलं.

तिनं बुरख्याचा पदर तोंडावर घेतला. मग डोळे पुसून तिनं कागद माझ्यापुढं धरला. "पढो, बेटी," म्हणाली. "पूरा."

मी वाचलं. पासपोर्ट मिळाला होता. मुलगा पुढच्या महिन्यात घरी येणार होता. ती रडत होती आणि हसतही होती, आणि मी वाचत गेले. अगदी खाली एक ओळ होती. माझी पत्रं जे साहेब वाचून दाखवतात, त्यांना माझा सलाम सांगा, मी आल्यावर त्यांना भेटायला येईन.

तीही ओळ मी वाचली.