मायने काढलेली माझी खोली

माझ्या मायने कागदावर कधी चित्र काढलं नाही. तिची चित्रं भिंतीवर. मोहर्लीच्या अलीकडे, वाघांच्या जंगलाला लागून आमचं गाव आहे. तिथे पाऊस सरला की सगळ्याच बाया मातीच्या भिंती सारवतात. ओल पिऊन पोपडे धरलेली भिंत शेणामातीच्या हाताने पुन्हा उभी राहते. बाकीच्या घरी खाली गेरूचा पट्टा ओढला, वर चार फुलं काढली की झालं. माय मात्र चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर जायच्या आधी समोरची अख्खी भिंत भरायची. गेरू, नाल्याकाठची पांढरी माती आणि चुलीची काजळी, एवढेच तिचे रंग. बाभळीच्या काडीचं टोक चावून त्याचा ब्रश करायची.

जे डोळ्यांत भरलं ते ती काढायची. एका वर्षी एस.टी.च्या खिडक्यांतून डोकावणाऱ्या बाया, एका वर्षी घरात नवं आलेलं गॅसचं सिलिंडर. मी बी.ए. झाले त्या वर्षी कॉलेजच्या पायऱ्या. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. हे मी मुद्दाम सांगते, कारण मायही येईल-जाईल त्याला मुद्दाम सांगायची.

एकदा सफारीला आलेल्या बाईने गाडी थांबवली, भिंतीचे फोटो काढले आणि म्हणाली, "मावशी, वाघ का नाही काढत?"

माय म्हणाली, "वाघ काऊन काढू बाई? त्याच्या भेवानं सरपणाले जाऊन नाई राह्यलो आमी. आता घरी बी त्यालेच पाहू का?"

पुढे मला भद्रावतीला नोकरी लागली. सिमेंटची भाड्याची खोली घेतली. माय पहिल्यांदा राहायला आली तेव्हा चारी भिंतींवरून हात फिरवत राहिली. घरमालक खिळासुद्धा ठोकू देत नव्हता.

"दवाखान्यावानी दिसते वं," ती म्हणाली. "कशी झोप येते तुले इथी?"

मी म्हटलं, "नोकरीपुरती खोली आहे माय, सजवून काय करायचं?"

त्या वर्षी पाऊस संपल्यावर गावी गेले, तर समोरच्या भिंतीवर माझी खोली. तोच लोखंडी पलंग, तोच पंखा. पंख्याला तिने फुलासारख्या पाकळ्या काढल्या होत्या. आणि चित्रातल्या त्या खोलीच्या भिंती वरपासून खालपर्यंत भरलेल्या: मोहाची झाडं, भाताच्या लोंब्या, कोंबड्या, पिंपळाची पानं. भद्रावतीत जे चाललं नसतं ते सगळं तिने इथे करून टाकलं होतं.

ते तिचं शेवटचं चित्र. थंडी सरता सरता ताप आला आणि तापातच ती गेली.

आमच्या गावात माणूस गेलं की तिसऱ्या दिवशी बाया जमून घर सारवतात. आम्ही बौद्ध, सुतक पाळत नाही, पण ही रीत राहूनच गेली आहे. मायची मोठी जाऊ, म्हणजे माझी मोठीमाय, शेणामातीची बादली घेऊन समोरच्या भिंतीपाशी आली. मी आडवी आले.

"ही भिंत नाई सारवायची."

"काऊन वं? उद्या लोकं येतीन, काय म्हनतीन?"

"म्हणू दे. तिच्या हातचं एवढंच राह्यलं."

मोठीमायने माझ्याकडे पाहिलं, बादली उचलली आणि मागच्या भिंतीकडे गेली. त्या दिवशी मी जिंकले असं मला वाटलं.

मग पावसाळ्याची धास्ती लागली. भद्रावतीहून चांगली जाड ताडपत्री आणली. बाबांना शिडीवर चढवून वळचणीपासून जमिनीपर्यंत भिंतीला घट्ट बांधली. एक थेंब आत जाणार नाही, याची खात्री करूनच मी परत गेले. पाऊसभर बाबांना फोन करून विचारायची, "ताडपत्री हलली तर नाही?" ते म्हणायचे, "नाई, पक्की हाये."

पाऊस संपल्यावर ताडपत्री सोडली. तिच्यासोबतच भिंतीचा थर खाली आला. आतल्या आत ओल कोंडून माती फुगली होती आणि उधईने, म्हणजे वाळवीने, पलंगापासून वरपर्यंत घर केलं होतं. पंखा तेवढा राहिला होता. शेजारी मोहाच्या झाडाचा शेंडा. बाकी नुसती भुसभुशीत माती. बोट लावलं की गळायची.

मी खाली बसले. मोठीमाय शेजारी येऊन बसली. बराच वेळ ती पडलेल्या मातीतले गेरूचे तुकडे वेचत होती. मग म्हणाली, "पोरी, भिंतीले श्वास लागते. आता नाई सारवली तं भिंतच बसंन. तुही माय गेली तवापासून तुह्या बापाची खाट आतून हिच्याच लगत हाये."

"पंखा राहू दे ना मोठीमाय. तेवढाच."

तिने पंख्याच्या बाजूला हळूच बोटाने टकटक केलं. आतून पोकळ आवाज आला. मी उठून बादली आणली.

माती मीच भिजवली. शेण मीच कालवलं. मोठीमाय म्हणाली, "वरून घे, म्हंजे ओघळ येत नाई." वर पंखाच होता. मी हात ठेवला आणि ओढला. पाकळ्या आधी ओल्या होऊन गडद झाल्या, एकदम नव्या काढल्यासारख्या दिसल्या, आणि मग दिसेनाशा झाल्या.

भिंत ओली असतानाच मोठीमायने विचारलं, "काई काढतं का? गेरू हाये घरी."

"नाई."

"मी काढू, दोन फुलं?"

"नको."

संध्याकाळी बाबा वावरातून आले. कोऱ्या भिंतीसमोर थोडा वेळ उभे राहिले. मग घरात गेले, भिंतीलगतची खाट उचलली आणि मागच्या खोलीत नेऊन टाकली.