चार नंबरचा स्वच्छ शर्ट

मावशीला कुणी विचारलं नव्हतं असं नाही. विचारलं होतं, आणि घोटाळा तिथेच झाला.

बुधवारी ती डोकेदुखीच्या गोळ्या आणायला औषधांच्या दुकानात गेली. दुकानाचा मालक म्हणजे फुटबॉल क्लबचा अध्यक्ष. त्या क्लबचे कपडे गेली चोवीस वर्षं मावशी धूत होती. गोळ्या पुडीत घालता घालता त्याने सहज विचारलं, "काय मावशी, कपडे काय म्हणतात?"

"कपडे? माझा निम्मा साबण वाचतोय," मावशी म्हणाली. "पोरं पडतील तर मळतील ना! चार नंबरचा शर्ट तर असा येतो, जसं काही पोरगं लग्नाला जाऊन आलंय."

अध्यक्ष हसला, आणि मध्येच हसायचा थांबला. मावशीला ते दिसलं. पण आपलं बोलणं लागू पडलं याचंच तिला तेव्हा कौतुक वाटलं. माणसाचं असंच असतं.

त्या मोसमात तेरा सामने झाले होते. दहा हरले, दोन बरोबरीत सुटले, एक जिंकला, तोही समोरच्या गोलकीपरच्या कृपेने. नवा कोच आला होता त्याने आल्या आल्या पाच जुने खेळाडू घरी पाठवले, दुसऱ्या फळीतली पोरं वर काढली आणि सांगितलं, टीम पायापासून बांधतो, दोन मोसम द्या. लोकांनी मान डोलावली आणि तिसऱ्या पराभवाला शिव्या सुरू केल्या. घर पाडून बांधायचं तर माणूस वर्षभर भाड्याच्या खोलीत कुरकुरत का होईना राहतो. टीम पाडून बांधायची तर मात्र त्याला येत्या रविवारीच छप्पर हवं असतं. तर त्या येत्या रविवारी, चौदाव्या सामन्यानंतर, सहा वाजता कमिटी बसणार होती. कोच ठेवायचा की काढायचा, एवढाच विषय.

शुक्रवारी खजिनदार मावशीच्या खोलीत उतरला. हा फरशांचा व्यापारी. या खोलीची फरशी फुटून सहा वर्षं झाली तरी त्याला इकडची वाट सापडली नव्हती. आज सापडली.

"मावशी, तुमचं वाक्य ठरावात घातलंय मी," तो खुशीत म्हणाला. "'खेळाडू अंग चोरतात, हे कपडे धुणाऱ्या बाईलासुद्धा कळतं.' आता बघू कोण त्याला वाचवतो."

मावशीच्या हातातली इस्त्री तशीच राहिली. बाईलासुद्धा! पण खोटं तरी काय होतं त्यात? ती बोललीच होती तसं.

मावशीची खोली प्रेक्षकांच्या पायऱ्यांखाली होती. दोन मशीन, त्यातलं एक पिळताना खोलीभर चालत जायचं, म्हणून त्याच्यामागे वीट लावलेली. भिंतीला एक खिडकी, तीही मैदानाच्या पातळीवर. त्यातून दिसायचे फक्त बूट. सामना चालू असताना तिला टॉवेल, पट्ट्या, कोरड्या शर्टांचा दुसरा संच यातून मान वर करायला सवड नसे. चोवीस वर्षांत तिने एक सामना धड पाहिला नव्हता. गोल झाला की डोक्यावरच्या पायऱ्या दणाणायच्या, आपण खाल्ला की गप्प राहायच्या. तेवढ्यावर तिचं भागत होतं.

कारण कपडे वाचायची तिला खोड होती. आधीची बारा वर्षं ती इस्पितळाच्या धुलाईत होती. चादर हातात घेऊन ती सांगायची, सात नंबरच्या खाटेवरचा उद्या घरी जाणार, नऊ नंबरचं काही खरं नाही. एकदा डॉक्टरांच्या आधी तिने ताप ओळखला होता, आणि ही गोष्ट तिने आयुष्यात निदान दोनशे लोकांना ऐकवली होती. इथेही तेच. पिवळ्या शर्टावर माती लपत नाही. जास्त माती म्हणजे जास्त मेहनत, हा तिचा हिशेब. आणि त्या हिशेबात पहिला नंबर ढाण्याचा.

ढाण्या म्हणजे कप्तान, पाच नंबर, सोळा वर्षं या क्लबमध्ये. बाकीचे शर्ट टोपलीत फेकून जायचे. हा स्वतः खाली येऊन हातात द्यायचा. "घे मावशी, तुझी शेती आणली," म्हणायचा. मग उलट्या बादलीवर बसून तिच्या डब्यातलं खायचा. तिला मूलबाळ नव्हतं. पुढचं सांगायला नको. कोचने घरी पाठवलेले पाचही जण ढाण्याचे दोस्त होते, आणि खेळाडूंचा प्रतिनिधी म्हणून कमिटीत त्याला मत होतं. ते कुठे पडणार हे आंधळ्यालाही दिसत होतं.

शनिवारी सराव संपल्यावर कोच आला. हा वाळका माणूस. बायको-मुलं अजून जुन्या गावी, शाळेचं वर्ष संपल्यावर आणणार म्हणायचा. आणायची की आपणच परत जायचं, ते उद्या सहाला ठरणार होतं.

"ठराव वाचला," तो म्हणाला.

"मी कुणाची चुगली केली नाही. कपडे येतात तसं सांगितलं."

"खोटं बोललात असं कुठे म्हणतोय? मला फक्त सांगा, कुणाचे स्वच्छ येतात?"

"चार नंबर. मग दोन. आता तो सहा नंबरही त्याच वळणावर चाललाय."

कोच हसला. ते हसणं काही चांगलं नव्हतं. "मावशी, माझं शिकवणं या तिघांनाच तर कळलंय."

"काय शिकवलंत? न पडायला?"

"वेळेवर पोचायला. मागे खेळणारा चेंडूच्या आधी जागेवर असला, तर त्याने पडायचं कशाला? एक पाऊल उशीर झाला की मग जमिनीवर घसरावं लागतं. लोक टाळ्या वाजवतात. पण ती मेहनत नव्हे, उशीर झाल्याची धावपळ आहे."

"म्हणजे चोवीस वर्षं मी माती चुकीची वाचली?"

"ते मला काय माहीत? उद्या वर येऊन बघा." दारात तो थांबला. "आलात तर चेंडू बघू नका. चार नंबरला बघा."

मावशीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. घरी येऊन तिने भांडी अशी आपटली की नवऱ्यालाही ऐकू गेलं, आणि त्याला सहसा काही ऐकू जात नसे. छापखान्यातल्या यंत्रांनी त्याचे कान नेले होते.

"मला शिकवतोय! काल आलेला माणूस! अहो, ऐकताय का?"

"ऐकतोय. शेजारीपण ऐकतायत." त्याने चष्मा काढला. "मी छत्तीस वर्षं छपाईचे खिळे जुळवले. अक्षरं उलटी वाचायचो, माझ्या कामात एक चूक सापडायची नाही. पण पुस्तक कशाबद्दल आहे हे मला कधीच कळलं नाही."

"त्याचा इथे काय संबंध?"

"काही नाही. जा, एक सामना बघ. तुला कुठे तिकीट पडतंय?"

रविवारी टॉवेल आधीच घड्या घालून ती वर गेली आणि कठड्याशी उभी राहिली, अंगावर कामाचा एप्रन तसाच. ओळखीचे लोक आश्चर्याने वळून बघत होते. तिने ठरवल्याप्रमाणे चार नंबरवर नजर लावली.

पोरगं काही करतच नव्हतं. दोन पावलं इकडे, तीन तिकडे, मान वळवून मागे बघणं. मावशी मनात म्हणाली, बघा, मी सांगत नव्हते? पण चेंडू मात्र त्याच्याकडेच यायचा. समोरचे आडवेतिडवे धावत यायचे, चेंडू मारायचे, आणि तो नेमका याच्या पायाशी. हा तो उचलून पुढे द्यायचा आणि पुन्हा उभा. तीनदा झालं, पाचदा झालं. सातव्या वेळी मावशीच्या लक्षात आलं की ती दोन पावलं चेंडू निघायच्या आधीच पडलेली असतात.

तेवढ्यात मैदान गरजलं. ढाण्याने लांब घसरत जाऊन चेंडू बाहेर काढला होता. डाव्या कुशीवर मांडीपासून बगलेपर्यंत काळी माती. मावशीचा ऊर भरून आला. हात आपोआप टाळ्यांना गेले. दुसऱ्यांदा तो घसरला तेव्हा मात्र तिने पडणं बघितलं नाही, त्याच्या आधीचं पाऊल बघितलं. डाग कसला हे बघायचं असेल तर तो कुठून आला ते बघ, हे तिने इस्पितळात नव्या बायकांना किती वेळा सांगितलं होतं! ढाण्या उशिरा निघत होता. तिसऱ्यांदाही उशिरा. वळताना उजवा गुडघा जरा थांबत होता, आणि तेवढ्यात समोरचा निसटत होता. चौथ्यांदा त्याच्यामागची मोकळी जागा चार नंबरने धावत येऊन भरली. टाळ्या ढाण्याला पडल्या.

मावशीने कठडा घट्ट धरला. अजून गोल नव्हता. बरोबरी झाली तर कोचला निदान बोलायला तोंड राहील. घड्याळात दहा मिनिटं उरली, मग नऊ. समोरचा पोरगा चेंडू घेऊन सुटला, ढाण्या घसरला आणि नुसत्या गवतावरून पुढे गेला. चार नंबर दुसऱ्या टोकाला होता. तो तरी कुठे कुठे पुरणार? पायऱ्या गप्प झाल्या. मग मागून कुणीतरी चार नंबरला ओरडलं, "अरे ए, जरा अंग मळव की! लग्नाला आलायस का?"

लोक हसले. मावशी गर्रकन वळली. तिचंच वाक्य होतं ते, दुकानातून गावभर फिरून आलेलं.

एका गोलने हरले. अकरावा पराभव.

ढाण्या खाली आला. "घे मावशी, आजची शेती." शर्ट तिच्या हातात देऊन तो बादलीवर बसला, गुडघा चोळत. "आज सहाला त्याचा निकाल लावतो. तुझं वाक्य कामाला आलं बघ."

"गुडघा कधीपासून दुखतोय?"

त्याचा हात थांबला. "कुठे दुखतोय? काहीतरीच." आणि तो उठून गेला.

मशीनचं झाकण उघडंच होतं. मावशी त्यात काही घालीना. एका माणसाची भाकरी तिच्या जिभेने टांगणीला लावली होती, आणि ती जीभ मागे घ्यायची तर ढाण्याच्या तोंडावर घ्यायला हवी होती. न घेतली तरी कुणाला कळणार नव्हतं. ते तिला फार छान कळत होतं. सहाला पाच कमी असताना तिने टोपली कमरेवर घेतली.

कमिटीच्या खोलीत पाच माणसं होती: अध्यक्ष, खजिनदार, ढाण्या आणि दोन म्हातारे सभासद. कोच बाहेर बाकावर. मावशी न विचारता आत शिरली आणि टेबलावरचे कागद बाजूला सारून एकेक शर्ट मांडू लागली.

"अहो, हे काय? टेबल खराब होतंय!" खजिनदार ओरडला.

"टेबल पुसते मी नंतर. बुधवारी जे बोलले ते अर्धवट बोलले. आता पूर्ण बोलते." तिने एक शर्ट खाली ठेवला. "गोलकीपरचा धरू नका, त्याचं कामच पडायचं. पुढे खेळणाऱ्यांची माती बघा, पाठीवर आहे. त्यांना दुसरे पाडतात. मागच्यांची कुशीवर असते. ते स्वतः घसरतात. मोसम सुरू झाला तेव्हा मागच्या चौघांचे शर्ट ओळखू यायचे नाहीत, आणि आपण पाच-पाच गोल खात होतो. आता तिघांचे स्वच्छ येतात. आज किती खाल्ले? एक. पोरं अंग चोरत नाहीत. वेळेवर पोचतायत. मी चुकीचं वाचलं."

"वा! पाऊस थांबला म्हणून कपडे स्वच्छ," खजिनदार म्हणाला. "त्यात कोचचं काय कर्तृत्व?"

"पाऊस सगळ्यांचाच थांबलाय ना?" मावशी फटकन बोलून गेली. "मग हा एकच का एवढा भरलाय?"

तिचा हात पाच नंबरच्या शर्टावर होता. ढाण्याने आधी शर्टाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. तिने डोळे खाली घेतले नाहीत. घ्यावेसे फार वाटले.

"मावशी," तो हळू म्हणाला, "तू पण?"

"मी पण," ती म्हणाली. "तुझं दुखतंय हे मलाच आधी दिसायला हवं होतं. मी माती बघून खूश होत बसले."

अध्यक्षाने घसा खाकरला आणि मतं घेतली. ठेवायचा? दोन हात वर, त्याचा स्वतःचा आणि एका म्हाताऱ्याचा. काढायचा? खजिनदाराचा आणि दुसऱ्या म्हाताऱ्याचा. ढाण्याचे दोन्ही हात टेबलाखाली होते, दोन्ही वेळा.

"समसमान," अध्यक्ष म्हणाला. "मग जादा मत माझं. मोसम संपेपर्यंत ठेवला. पुढच्याचं पुढे बघू." बाहेर जाऊन त्यानेच कोचला सांगितलं.

खुर्च्या सरकल्या, माणसं निघाली. मावशी शर्ट गोळा करू लागली. ढाण्याने आपला शर्ट तिच्या आधी उचलला, माती आत जाईल अशी घडी घातली आणि काखेत मारला.

"दे इकडे," ती म्हणाली.

"राहू दे. हा मी घरी धुवेन."

तो दारापर्यंत गेला. मावशीला खूप काही म्हणायचं होतं. तिने जे येतं तेच म्हटलं.

"गरम पाण्यात घालू नकोस रे. माती पक्की बसेल. आधी गार पाणी."

जिन्यावर त्याचे पाय वाजत राहिले, एक भरभर, एक सावकाश.