ब्राह्मीच्या टाकीतला उसासा

आमच्या पेणच्या घरामागच्या सिमेंटच्या टाकीत कोणीतरी राहतं, ही बातमी आळीत माझ्यामुळेच पसरली.

वास्तविक त्या टाकीत मी फक्त ब्राह्मी लावली होती. (केस गळत होते हो! तेल करायचं होतं.) जवळच्या जिते गावातल्या एका ओढ्याकाठी पसरलेली ब्राह्मी उपटून आणली. कृती सोपी. तिथलाच चिखल टाकीत ओतायचा, देठांचे तुकडे त्यात बोटाने दाबायचे, वर दोन बोटं पाणी ठेवायचं आणि सकाळचं ऊन द्यायचं. बघता बघता टाकी हिरवीगार! जाडसर इवली पानं, त्यांत नखाएवढी पांढरट-जांभळी फुलं.

एका संध्याकाळी धाटावच्या कारखान्यातली शिफ्ट संपवून आलो. वारा नव्हता. फुलं मात्र एका रेषेत, सावकाश, बाजूला सरत होती. खालून कोणी वाट काढावी तशी. आणि टाकीने उसासा टाकला!

"ऐकलंत?" दारातून सुलभा, म्हणजे आमची बायको, बारीक आवाजात म्हणाली. "काल तर तुमचं नाव घेतल्यासारखं वाटलं."

"बुडबुडे गं! चिखलात हवा अडकते," मी शास्त्र सांगितलं. (आणि दाराला कडी घातली.)

सकाळी टाकीच्या काठावर ओल्या चिखलाच्या बारीक खुणा होत्या. आत जाणाऱ्या. बाहेर येणारी एकही नाही!

सुलभाने रोह्याहून आईला बोलावलं. सासूबाईंनी टाकीभोवती फेरी मारली.

"जावयबापू, चिखल कुठला?"

"जित्याचा. ओढ्याकाठचा."

"तिथं मसणवटा हाय का?"

ब्राह्मी लावताना असलं कोण विचारतं!

"नाय विचारलंत? आन त्येच तेल माझी पोर डोक्याला लावनार? सुलभे, बॅग भर गो!"

आता संसाराचाच प्रश्न आला. कुंपणावर आळी जमलेली. मी बाही सारली आणि "हे बघा, काही नाही!" म्हणत हात खोल घातला. पाणी विलक्षण गार. मुळांच्या जाळ्यातून बोटं पुढे सरकली... आणि कोणीतरी माझं बोट धरलं. धरलं आणि दाबलं!

"सोडा हो! चुकलो! सगळा चिखल परत नेतो!"

हात उपसला, तर बोटाला मुठीएवढा काळा खेकडा लोंबकळत होता!

आळी हसून लोळली. सुलभाने बॅग रिकामी केली. सासूबाईंनी खेकड्याचं झणझणीत कालवण केलं, ते आम्ही बोटं चाटून संपवलं. (मसणवटा तेव्हा कोणालाच आठवला नाही.)

दुसऱ्या संध्याकाळी तिघंही मागच्या ओट्यावर चहा घेत होतो. वारा नव्हता. फुलं एका रेषेत सरली. टाकीने उसासा टाकला.

"बुडबुडे," सासूबाई पुटपुटल्या आणि उरलेला चहा तसाच ठेवून रोह्याच्या गाडीला निघाल्या.

"घाला ना आता हात!" सुलभा म्हणाली.

ब्राह्मी अजून जोमात आहे. पाणी मीच घालतो, माडीच्या खिडकीतून, लांब पाइपने. आणि खिडकी लावताना, कोणी ऐकत नाही ना हे बघून, हळूच विचारतो, "पुरे का हो?"