तीन कोणत्या रकान्यात

मेश्राम बाई गेल्याची बातमी मला धरमपेठच्या भाजीबाजारात कळली. हातातल्या यादीत दोडके आणि आलं राहिलं होतं. आमच्या ऑफिसातला जुना शिपाई शंकर समोर आला, पिशवी खाली ठेवली आणि म्हणाला, “मॅडम, तुमाले समजलं नसन. मेश्राम बाई गेल्या... परवा सकाळी.” मी दोडके घेतले, आलं घेतलं आणि घरी आले. त्याला आता सहा आठवडे झाले.

साठचं दशक संपत आलं होतं तेव्हा मी आकडेवारी गोळा करणाऱ्या एका सरकारी ऑफिसात तात्पुरती लागले. बी.ए.ला सांख्यिकी होतं, त्यामुळे मला काम येतं असा माझा समज होता. मेश्राम बाई मॅट्रिक झालेल्या, आणि आमच्या चौघींच्या सेक्शनच्या प्रमुख. गावोगावची भरलेली पत्रकं गठ्ठ्यांनी यायची. एकीने वाचायचं, दुसरीने मोजणीची रेघ मारायची. चार उभ्या, पाचवी त्या चारांवरून आडवी, आणि आडवी मारताना वाचणारीने थांबायचं, असा बाईंचा नियम होता. त्या थांबण्यात चहाचे घोट आणि बाईंचे टोमणे बसत. मी पहिला स्तंभालेख तीन रंगांत रंगवला तेव्हा त्या म्हणाल्या, “रांगोळी काढून राहिली काय वं, पुष्पा? साहेब काही हळदीकुंकवाले नाही येऊन राहिले.” फरक ठसठशीत दिसावा म्हणून मी एकदा उभा अक्ष शून्याऐवजी चाळीसपासून सुरू केला. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “खांब जमिनीतून उभा कर. हवेतून उगवते काय खांब?” बाकीच्या दोघी हसल्या. मी नवा कागद घेतला.

दोन वर्षांनी शाळांचं काम आलं. खेड्यातली मुलं मोठ्या शाळेसाठी रोज किती लांब चालतात हे मोजायचं होतं. तीन किंवा त्याहून जास्त किलोमीटर चालणारी मुलं जिथे पुरेशी निघतील, तिथे नवी शाळा द्यायची, असं ठरलं होतं. सारणी माझ्याकडे आली. मी अंतराचे वर्ग पाडले: शून्य ते तीन, तीन ते सहा, सहा ते नऊ. बरोबर तीन असेल ते कुठे टाकायचं, याचा मी विचार केला नाही. पहिल्या वर्गात तीन लिहिलेलं आहे, म्हणून पहिल्यात टाकत गेले. सारणीवरून मोठ्या कागदावर आलेख काढला. पहिला खांब उंच, दुसरा बुटका. बाईंनी बेरजा तपासल्या, सही केली. आलेख साहेबांच्या टेबलावर गेला, आणि त्याच्या आधाराने एका भागातल्या पाच गावांची नावं शाळेच्या यादीतून वगळायचं ठरलं.

चूक बाईंनाच सापडली, तीही गठ्ठा बांधताना. वरच्याच पत्रकावर ‘एक कोस’ लिहून खोडलं होतं आणि वर ‘३’ केलं होतं. त्यांनी सुतळी सोडली. खालच्या पत्रकावरही तेच. खेड्यात अंतर कोसातच सांगत, आणि पत्रक भरणाऱ्यांना कोसाचे तीन किलोमीटर धरायला सांगितलेलं होतं. म्हणजे तीन हा आकडा एखाददुसरा नव्हता, त्यांचा ढीग होता, आणि तो अख्खा ढीग मी चुकीच्या रकान्यात टाकला होता. बाईंनी दोन दिवस बसून सगळं पुन्हा मोजलं. मी वाचत होते. त्या दोन दिवसांत एकही टोमणा आला नाही.

मग त्यांनी साहेबांकडून ‘जरा पाहून देते’ म्हणून आलेख मागून आणला, काही वेळ जागेवर घेऊन बसल्या आणि परत साहेबांकडे निघाल्या. मी मागे गठ्ठा घेऊन. साहेब वैतागले. म्हणाले, “बाई, मीटिंग उद्या आहे. आता चूक झाली म्हणून सांगू? कोणाची सांगू?” त्यांनी कागदाचा खालचा कोपरा पाहिला. “हे आकड्यांचं टेबल कोणी केलं होतं?”

मी तोंड उघडलं होतं. बाई म्हणाल्या, “सेक्शननं केलं. तपासणी माझी, सही माझी.”

व्हरांड्यात आल्यावर त्यांनी मला खांबाआड घेतलं. “चूप राह्य. पुढच्या महिन्यात तुहं पक्कं व्हायचं हाय. नाव निघालं त तुले काढतीन. मले काय काढतीन?”

मी चूप राहिले. त्यांना काढलं नाही, पण त्यांच्या सर्व्हिस बुकात निष्काळजीपणाचा शेरा आला आणि वरची जागा दुसऱ्याला गेली. मी पक्की झाले. पाच गावांसाठी शाळा मंजूर झाली. बाई होत्या त्याच हुद्द्यावरून निवृत्त झाल्या. पुढे त्याच खुर्चीवर मी बसले, आणि दर दिवाळीला त्यांच्याकडे जात राहिले. हा विषय त्यांनी काढला नाही. मीही नाही.

बातमी कळल्यानंतरच्या रविवारी इंदोऱ्याला त्यांच्या घरी गेले. त्यांची मुलगी मीना शिक्षिका आहे. चहा देता देता तिने विचारलं, “मावशी, आईच्या हातून ऑफिसात एकदा मोठी चूक झाली होती म्हणे. तुम्हाले आठवते?”

मी कप खाली ठेवला आणि सगळं क्रमाने सांगितलं. तिने ऐकून घेतलं. “आई होती तवा काहून नाही सांगितलं?”

ती उठली आणि कपाटावरून कागदाची एक गुंडाळी काढली. तोच रद्द झालेला आलेख, माझ्या हातचा, खांब जमिनीतून उभे. खाली ‘तपासले’ या शब्दापुढे बाईंची सही होती. त्याच्या वर ‘केले’ लिहिलेलं, आणि त्यापुढे माझं नाव असायला हवं होतं, तिथे काही नव्हतं. बोट फिरवलं तर कागद पातळ लागला. ब्लेडने, अगदी हलक्या हाताने, खरवडलेला.

मी पर्समधून पेन काढलं. मीनाला विचारलं, लिहू का? तिने मान डोलावली. खरवडलेल्या कागदावर शाई फुटते, तशी ती फुटली. पण नाव वाचता येतं.